पटावरून गेलेली चार मुलं आणि गावाच्या हातातली शाळा

2025च्या जानेवारीत अमेरिकेतल्या आमच्या गावाबाहेरचा एक गोठा रिकामा झाला. तीन पिढ्या दुधाचा धंदा केलेल्या त्या घरानं गाई विकल्या, कारण दुधाच्या पैशात वैरणीचा खर्चही भागेना. घरातला कर्ता दीडशे किलोमीटरवरच्या शहरात नोकरीला लागला आणि महिन्याभरात सगळं बिऱ्हाड हललं. त्यांची चार मुलं आमच्या शाळेत होती. तीन प्राथमिकला, थोरली नववीत.

पुढच्या मंगळवारी शाळेच्या बोर्डाची, म्हणजे शाळेचा कारभार बघणाऱ्या मंडळाची, बैठक होती. बाहेर उणे वीसची थंडी, आणि आम्ही सातजण शाळेच्या वाचनालयात, मुलांच्या बुटक्या टेबलाभोवती गुडघे पोटाशी घेऊन बसलेलो. खजिनदारबाई उठल्या आणि फळ्यावर एक हिशेब मांडला : प्राथमिकचं एक मूल म्हणजे 1, सातवीचं किंवा त्यापुढचं एक मूल म्हणजे 1.2. तीन अधिक 1.2, एकूण 4.2. त्याला गुणिले राज्याचं डोईमागचं अनुदान, 7,281 डॉलर. उत्तर 30,580. वर्षभराच्या सरासरीवर अनुदान ठरत असल्यामुळे चालू वर्षाचा फटका थोडा सौम्य होता, पण पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकातून एवढी रक्कम पुसून टाकायची होती. आमच्यासारख्या शाळेत नव्या शिक्षकाच्या पगाराचा तो मोठा हिस्सा होतो. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

गाई विकल्या म्हणून शाळेचा हिशेब कोलमडतो, आणि तो सावरायची जबाबदारी शिक्षण खात्यावर नसून बुटक्या टेबलाभोवती बसलेल्या सात गावकऱ्यांवर असते. चार्टर शाळा म्हणजे काय हे मला त्या संध्याकाळी खऱ्या अर्थानं कळलं.

मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या दक्षिणेला, हजाराच्या आत वस्तीच्या गावात राहते. जवळच्या चीज कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. माझी मुलं मोठी होऊन बाहेर पडली, त्यानंतर तीन वर्षांपूर्वी मी या बोर्डावर निवडून आले. माझे वडील खटाव तालुक्यात झेडपीच्या शाळेत गुरुजी होते, त्यामुळे सुट्टीत गावी गेले की नातेवाईक हमखास विचारतात : तू शाळेची संस्थाचालक झालीस म्हणजे नक्की काय? मानधन किती? शाळा सरकारी की खासगी? मानधन शून्य, हे उत्तर सोपं आहे. बाकीच्या प्रश्नांना चार ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

सनद

अमेरिकेत सरकारी शाळा चालवतो तो 'डिस्ट्रिक्ट'. नाव जिल्ह्याचं असलं तरी तो आपल्या जिल्ह्याएवढा नसतो, बहुतेक वेळा तालुक्याहूनही लहान असतो. त्याचं काम एकच, शाळा चालवणं. त्यासाठी लोकांनी निवडलेलं बोर्ड असतं आणि घरपट्टीसारख्या मालमत्ता करातून पैसा उभारायचा अधिकार असतो. 1939-40 साली देशात असे 1,17,000हून अधिक डिस्ट्रिक्ट होते. जवळपास प्रत्येक वस्तीची स्वतःची एकखोली शाळा आणि तिचा स्वतःचा कारभार. रस्ते झाले, बस आल्या, शेती यंत्रावर गेली, माणसं शहरात गेली आणि डिस्ट्रिक्टांचं विलीनीकरण होत गेलं. आज ते 13,000च्या आसपास उरलेत. कागदावर त्यात काही चुकीचं दिसत नाही. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते, संगीताचे शिक्षक असतात. पण ज्या गावची शाळा बंद होते तिथे सहा वर्षांचं पोर काळोखात उठून तासभर बसमध्ये बसतं, आणि संध्याकाळी गावात लोकांनी एकत्र जमायची जागाच राहत नाही. महाराष्ट्रात 2023मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' योजनेची चर्चा सुरू झाली, तेव्हा वाड्यावस्त्यांवरचे पालक का अस्वस्थ झाले असतील हे मला इथे बसूनही कळत होतं.

चार्टर शाळेची कल्पना मात्र गावं वाचवण्यासाठी जन्मलेली नाही. ती शिक्षकांसाठी निघाली. रे बड या शिक्षणतज्ज्ञांनी असा विचार मांडला की शिक्षकांच्या गटाला ठरावीक मुदतीसाठी सनद द्यावी आणि त्यांना आपल्या पद्धतीनं शिकवू द्यावं. 1988 साली अमेरिकेतल्या शिक्षकांच्या एका मोठ्या संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी ही कल्पना जाहीर भाषणातून उचलून धरली. 1991मध्ये मिनेसोटानं देशातला पहिला चार्टर कायदा केला. तो फार बिचकत केलेला होता. राज्यभरात फक्त आठ शाळांना परवानगी, तीही स्थानिक डिस्ट्रिक्टनं दिली तर. 1992 साली सेंट पॉल शहरात 'सिटी अकॅडमी' ही पहिली चार्टर शाळा उघडली. आज चाळीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. मी पुढे जे सांगणार आहे ते मुख्यतः मिनेसोटाचं.

चार्टर हा शब्द मराठीत कसा सांगायचा यावर मी बराच विचार केला. आपला जुना 'सनद' हा शब्दच चपखल बसतो. वकिलाला सनद मिळते, ती मिळाल्यावर तो स्वतंत्रपणे काम करतो, पण नियम मोडले तर सनद जाते. शाळेचंही तसंच. सनद म्हणजे एक लेखी करार : आम्ही इतक्या मुलांना, या पद्धतीनं शिकवू, मुलं अमुक इतकी प्रगती करतील, पैशाचा हिशेब असा ठेवू. त्या बदल्यात राज्य पैसा देतं आणि रोजच्या कारभारात हात घालत नाही. मिनेसोटात हा करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. मुदत संपली की पुन्हा परीक्षा.

सनद देणाऱ्याला इथे ऑथोरायझर म्हणतात. मिनेसोटात एखादा डिस्ट्रिक्ट, विद्यापीठ किंवा मोठी धर्मादाय संस्था राज्याच्या मान्यतेनं ऑथोरायझर होऊ शकते. ही संस्था शाळा चालवत नाही. ती बघते. वर्गात येऊन बसते, आमच्या बैठकांना येते, लेखापरीक्षण वाचते, आणि शेवटी सनद पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवते.

मग ही शाळा सरकारी की खासगी? कायद्यानं ती सरकारी शाळाच. फी नाही. प्रवेशपरीक्षा नाही. धार्मिक शिक्षण नाही. शिक्षकांना राज्याचा परवाना लागतो, मुलांना राज्याच्या चाचण्या द्याव्या लागतात. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश. त्यातही खेड्यांचा विचार करून एक तरतूद आहे : मूल शाळेपासून दोन मैलांच्या आत राहत असेल आणि त्यानंतरची जवळची सरकारी शाळा पाच मैलांहून लांब असेल, तर त्या मुलाला आधी घ्यायचं, चिठ्ठ्या नंतर.

साताऱ्याकडच्या माणसांना मी असं समजावते. रयत शिक्षण संस्थेची शाळा कशी असते, संस्था चालवते आणि पगार सरकारी अनुदानातून होतो? तशी अनुदानित शाळा डोळ्यासमोर आणा. फक्त तिची संस्था राज्यभर पसरलेली नाही, तर तेवढ्या एका शाळेपुरती आहे. आणि त्या संस्थेचे विश्वस्त दर काही वर्षांनी पालक आणि शिक्षक मतदान करून निवडतात.

बोर्डावर कोण बसतं

मिनेसोटाचा कायदा म्हणतो, किमान पाच माणसं, आणि ती एकमेकांच्या नात्यातली नकोत. त्यात शाळेत शिकवणारा परवानाधारक शिक्षक किमान एक हवा, शाळेतल्या मुलाचा पालक किमान एक हवा, आणि ज्याचं मूल शाळेत नाही, जो शाळेत नोकरीला नाही, पण ज्याला शाळेविषयी आस्था आहे असा समाजातला किमान एक माणूस हवा. मी त्या तिसऱ्या खुर्चीवर बसते. मत देतात ते शाळेतल्या सगळ्या मुलांचे पालक, शाळेचे कर्मचारी आणि बोर्डाचे सदस्य. निवडणूक शाळा चालू असतानाच घ्यायची, सुट्टीत उरकायची नाही, आणि महिनाभर आधी मतदारांना कळवायचं.

निवडून आल्यावर प्रशिक्षण घ्यावं लागतं : बोर्डाचं काम काय, नोकरभरतीचे नियम काय, आर्थिक कारभार कसा वाचायचा. मला पहिल्या वर्षी ताळेबंद वाचायला शिकवणाऱ्या त्या चार संध्याकाळी फार उपयोगी पडल्या. शेतकरी, परिचारिका, ट्रकचालक, निवृत्त पोस्टमन अशी माणसं वही-पेन घेऊन बसलेली आणि 'शिल्लक निधी' व 'हातातली रोकड' यातला फरक समजून घेत होती.

सगळीकडे असं नसतं, हेही सांगायला हवं. अनेक राज्यांत चार्टर शाळांची बोर्डं निवडून येत नाहीत. असलेले सदस्यच नवे सदस्य नेमतात. काही ठिकाणी बोर्ड नावापुरतं असतं आणि सगळा कारभार व्यवस्थापन कंपनीकडे असतो. तिसराही प्रकार आहे. कॅन्ससमध्ये वॉल्टन नावाचं दोन-तीनशे वस्तीचं गाव आहे. तिथली प्राथमिक शाळा 2007मध्ये शेतीवर आधारलेली चार्टर शाळा झाली. पोरं कोंबड्या सांभाळायची, अंडी गोळा करून विकायची आणि त्यातूनच गणित शिकायची. शिकवण्याची पद्धत पूर्ण नवी, पण सत्ता मात्र शेजारच्या न्यूटन शहराच्या डिस्ट्रिक्ट बोर्डाकडेच. म्हणजे पाटी 'चार्टर'ची दिसली तरी गावकरी खरोखर कारभार बघतात का, हे वेगळं विचारावं लागतं.

आमच्या मिनेसोटात हेंडरसन नावाचं नदीकाठचं छोटं गाव आहे. तिथल्या 'मिनेसोटा न्यू कंट्री स्कूल'मध्ये सत्ता शिक्षकांच्या हातात दिली गेली. 1994मध्ये ही शाळा सुरू झाली तेव्हा शिक्षकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली आणि शाळेच्या बोर्डानं शिकवण्याचं काम त्या संस्थेला करारानं दिलं. सहकाराच्या मातीत वाढलेल्या माणसाला ही कल्पना ऐकताच पटते. तिथे तासांची घंटा नाही. प्रत्येक मुलाला स्वतःचं टेबल आणि स्वतः निवडलेले प्रकल्प. 1995च्या उन्हाळ्यात या शाळेची मुलं गावाजवळच्या एका तळ्यावर निसर्ग-निरीक्षणाला गेली आणि त्यांनी बेडूक पकडले. पकडलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास बेडकांचे पाय वाकडेतिकडे, कुणाला पाय कमी, कुणाला जास्त. मुलांनी नोंदी केल्या आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला कळवलं. पुढे देशभर त्यावर संशोधन सुरू झालं. सनद हातात असली की शाळा असा एखादा दिवस तळ्याकाठी घालवू शकते, तास बुडाला म्हणून कुणी जाब विचारत नाही. पण तेवढ्या मोकळेपणासाठी मागे कुणीतरी हिशेब, विमा, करार, तक्रारी हे सगळं सांभाळत बसलेलं असतं.

किराणा दुकानातली तक्रार

बोर्डावर आल्यानंतर पहिल्याच महिन्यात गावच्या किराणा दुकानात एक आई मला अडवून म्हणाली, "तिसरीच्या बाई माझ्या पोराला वर्गाबाहेर उभं करतात. तू बोर्डावर आहेस ना, काहीतरी कर." आपल्याकडच्या सवयीप्रमाणे मी लगेच म्हणणार होते, बघते मी, बोलते बाईंशी. सुदैवानं प्रशिक्षणातला धडा आठवला आणि मी तिला विचारलं, "तू बाईंशी बोललीस का? नसशील तर आधी त्यांच्याशी बोल. पटलं नाही तर संचालकांकडे (म्हणजे इथल्या मुख्याध्यापकांकडे) जा. तिथेही नाही सुटलं तर लेखी तक्रार बोर्डाकडे येऊ दे." तिला ते उत्तर आवडलं नाही. माझ्यावर नाराज होऊन ती निघून गेली.

गावानं शाळा चालवायची म्हटलं की सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. बोर्डाचा एकेकटा सदस्य म्हणजे काहीच नसतो. त्याला शिक्षकाला सूचना द्यायचा अधिकार नाही, कुणाला कामावर घ्यायचा नाही, पाच डॉलरची खरेदी करायचा नाही. अधिकार आहे तो फक्त बोर्डाला, रीतसर बोलावलेल्या बैठकीत, गणसंख्या असताना, सूचक-अनुमोदकासह ठराव मांडून, मतदान करून. बैठक संपली की आम्ही पुन्हा साधे गावकरी.

मग बैठकीत करायचं काय? संचालक नेमायचा आणि दरवर्षी त्याच्या कामाचं मूल्यमापन करायचं. अंदाजपत्रक मंजूर करायचं आणि दर महिन्याला खर्च त्याच्याशी ताडून बघायचा. धोरणं ठरवायची. मुलं खरंच शिकतायत का, सनदेत दिलेला शब्द पाळला जातोय का, हे आकड्यांनिशी विचारायचं. वर्गात बाकं कशी मांडायची, कुठलं पुस्तक आधी शिकवायचं, कुठल्या पोराला काय शिक्षा द्यायची, हे संचालक आणि शिक्षकांचं. कारभार चालतोय ना हे बघणं आमच्याकडे, तो करणं त्यांच्याकडे. रेघ सोपी दिसते, पण छोट्या गावात ती रोज पुसली जाते, कारण संचालकाची बायको तुमच्या शेजारी राहते आणि तिसरीच्या बाई तुमच्याबरोबर चर्चमध्ये गातात.

इथे मला वडिलांच्या शाळेची शाळा व्यवस्थापन समिती आठवते. शिक्षण हक्क कायद्याच्या 21व्या कलमानं ती आली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतून, मुख्याध्यापक सदस्य सचिव. महाराष्ट्रात 12 ते 16 जणांची ही समिती असते. शाळेचा विकास आराखडा करणं, आलेलं अनुदान नीट खर्च होतंय का बघणं, पोषण आहारावर लक्ष ठेवणं ही तिची कामं. रचना बघितली तर आमच्या बोर्डापेक्षा तिथे पालकांचं वजन कितीतरी जास्त आहे. फरक अधिकारात आहे. समिती शिक्षक नेमत नाही, पगार ठरवत नाही, शिक्षकाची बदली थांबवू शकत नाही. आमचं बोर्ड शिक्षकांचं मालक आहे. आम्ही नेमतो, पगार आम्ही ठरवतो, उद्या कुणी खटला भरला तर नोटीस आमच्या नावे येते, आणि तिजोरी रिकामी झाली तर शाळा बुडते. झेडपीची शाळा पट घटल्यामुळे बंद होऊ शकते, पण दिवाळखोरीत निघत नाही. आमची निघू शकते.

पैसा येतो कुठून, अडतो कुठे

मिनेसोटात शाळेच्या अनुदानाचा पाया म्हणजे डोईमागे ठरलेली रक्कम. 2024-25मध्ये ती 7,281 डॉलर होती. त्यावर विशेष गरजांची मुलं, गरीब घरातली मुलं वगैरे कारणांनी भर पडते, पण पाया तोच. म्हणून आमच्या बैठकीत पहिला प्रश्न नेहमी एकच : पट किती? शहरातल्या आठशे मुलांच्या शाळेतून चार मुलं गेली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. शंभर मुलांच्या शाळेत चार गेली तर उत्पन्नाचे चार टक्के गेले, पण खर्च तेवढाच राहिला. तिसरीतलं एक मूल कमी झालं म्हणून तिसरीची बाई थोडी कमी नेमता येत नाही. वर्ग तापवायला तेवढाच गॅस लागतो.

डिस्ट्रिक्टला पैसा कमी पडला तर तो मतदारांकडे जाऊन जादा कराला मंजुरी मागू शकतो. चार्टर शाळेला कर लावायचा अधिकारच नाही. इमारतीचं तर आणखी अवघड. राज्याच्या पैशातून चार्टर शाळेला जमीन किंवा इमारत विकत घेता येत नाही, ती भाड्यानं घ्यावी लागते. भाड्यासाठी वेगळं अनुदान मिळतं, तेही भाड्याच्या 90 टक्के किंवा प्रत्येक विद्यार्थी-एककामागे (फळ्यावरचे ते 1 आणि 1.2) 1,314 डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढंच. शंभर एकक धरले तर जास्तीत जास्त 1,31,400 डॉलर. बिऱ्हाड हललेल्या त्या चार मुलांमुळे आमची ही मर्यादासुद्धा साडेपाच हजारांनी खाली आली. कित्येक शाळा चर्चच्या तळघरात, बंद पडलेल्या दुकानात किंवा डिस्ट्रिक्टनं कुलूप लावलेल्या जुन्या शाळेतच भरतात ते यामुळे.

शिवाय मंजूर झालेला पैसा वेळेवर येईलच असं नाही. राज्य वर्षाच्या आत साधारण 90 टक्के देतं, उरलेलं नंतर. 2011मध्ये राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा शाळांच्या देण्यातली 40 टक्के रक्कम पुढच्या वर्षावर ढकलली गेली. पगार तर महिन्याच्या महिन्याला द्यावेच लागतात. ज्यांच्याकडे शिल्लक नव्हती त्यांना कर्ज काढावं लागलं आणि मुलांच्या पैशातून व्याज भरावं लागलं. म्हणून शिल्लक किती हे ऑथोरायझर फार बारकाईनं बघतात. पालक कधीकधी विचारतात, एवढे पैसे बँकेत पडून आहेत तर खेळाचं मैदान का करत नाही? प्रश्न रास्त असतो. मैदान मलाही हवंय. पण ती शिल्लक म्हणजे तीन महिन्यांचे पगार असतात.

एक गोष्ट मला मनापासून खुपते. आमच्याकडे आलेलं प्रत्येक मूल शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या शाळेतून कमी झालेलं असतं. तीही शाळा खेड्यातलीच, तिच्याही पटाला गळती लागलेली. चार्टर शाळांवर जी टीका होते तिच्यातला हा भाग मला खरा वाटतो. आमची शाळा टिकावी असं मला वाटतं आणि ती टिकण्यानं शेजारच्या गावचं नुकसान होऊ शकतं, या दोन्ही गोष्टी मला एकदमच जाणवतात. त्यावर तोड माझ्याकडे नाही. दोन शाळांनी मिळून बस चालवावी, संगीताचे शिक्षक वाटून घ्यावेत, असे प्रस्ताव आम्ही मांडतो. कधी जमतं, कधी फिसकटतं.

बॉयलर

मागच्या वर्षी ऑक्टोबरात शाळेचा बॉयलर गेला. मिनेसोटाच्या हिवाळ्यात बॉयलर नाही म्हणजे शाळा नाही. गावात हे काम करणारा एकच माणूस. कामाला चोख, भाव रास्त, आणि रात्री दोनला फोन केला तरी येणारा. आमच्या बोर्डावरच्या एका पालकबाईंचा तो आतेभाऊ.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. शाळेशी करार करणाऱ्या व्यवसायाचा मालक, नोकर किंवा दलाल बोर्डाच्या सदस्याच्या जवळच्या नात्यातला असेल, तर त्या सदस्याला बोर्डावर राहता येत नाही. जवळचं नातं कुठपर्यंत? रक्ताचं, लग्नाचं, दत्तकाचं, पार चुलत-मावस-आते-मामे भावंडांपर्यंत. मतदानाच्या वेळी खोलीबाहेर जाऊन बसलं की झालं, असंही नाही. एक तर काम त्या माणसाला द्यायचं नाही, नाहीतर सदस्यानं खुर्ची सोडायची.

हजार वस्तीच्या गावात हे किती जाचक होतं ते सांगून पटायचं नाही. एक इलेक्ट्रिशियन, एक गॅसवाला, एक विमा एजंट, आणि अर्ध्या गावाची अर्ध्या गावाशी सोयरीक. पण मी आता या नियमाच्या बाजूची आहे. शाळेचा पैसा पोरांचा आहे, आणि लहान गावात एकदा का 'आपल्या माणसाला काम दिलं' अशी कुजबुज सुरू झाली की ती वर्षानुवर्षं संपत नाही. काम योग्य दरात झालेलं असलं तरीही.

त्या पालकबाई बैठकीत उभ्या राहिल्या. सहा वर्षं बोर्डावर होत्या, अंदाजपत्रक त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. म्हणाल्या, "साठ मैलांवरनं माणूस येईपर्यंत पोरं गारठतील. मी राजीनामा देते, त्याला काम द्या." राजीनामा इतिवृत्तात नोंदला. अध्यक्षांनी आभाराचा ठराव मांडला, मी अनुमोदन दिलं, सर्वानुमते मंजूर. तिसऱ्या दिवशी रेडिएटर गरम झाले.

असाच दुसरा नियम खुल्या बैठकांचा. बोर्डाची प्रत्येक बैठक जाहीर असते, कुणीही येऊन मागे बसू शकतं. पाच जणांच्या बोर्डात तिघं म्हणजे गणसंख्या झाली. ते तिघं पेट्रोल पंपावर कॉफी पीत उभे असले तर हवापाण्याच्या गप्पा मारायला हरकत नाही, पण शाळेचा विषय निघाला की ती बेकायदा बैठक. आपल्याकडे पारावर जे ठरतं ते नंतर ग्रामसभेत नुसतं वाचून दाखवलं जातं, हे मी लहानपणी पाहिलंय. इथे तो पारच बंद केलाय. संचालकाच्या कामाचं मूल्यमापन बंद दाराआड करता येतं, पण त्याचा सारांश पुढच्या खुल्या बैठकीत सांगावा लागतो. सुरुवातीला मला हा अतिरेक वाटायचा. मग एका बैठकीला किराणा दुकानातली ती आई येऊन मागे बसली. दोन तास बसली. ताळेबंदावर तिनं एक प्रश्न विचारला. खजिनदारांना त्याचं उत्तर देता आलं नाही, आणि पुढच्या बैठकीत त्यांनी ते लेखी दिलं.

आता

या वर्षी आमची सनद नूतनीकरणाला आहे. पाच वर्षांचे चाचण्यांचे निकाल, लेखापरीक्षणं, बैठकांची इतिवृत्तं, पटाचा आलेख, सगळं एका जाड फाइलमध्ये ऑथोरायझरकडे जाईल. त्यांचे दोन लोक येऊन वर्गात बसतील, पालकांशी बोलतील. सनद पाच वर्षांसाठी वाढेल, अटी घालून कमी मुदतीसाठी वाढेल किंवा वाढणारच नाही. न वाढलेल्या शाळा मी पाहिल्यात. पोरं ऑगस्टमध्ये दुसरीकडे वाटून दिली जातात आणि बाकं लिलावात निघतात.

पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकातून ते 30,580 डॉलर आम्ही दोन बैठकांत काढले. नवी नेमणूक थांबवली, पहिली-दुसरीचे वर्ग एका खोलीत आणले आणि त्यांना एकत्र शिकवायला एक बाई आपणहून तयार झाल्या. झेडपीच्या द्विशिक्षकी शाळेत वडिलांनी आयुष्यभर तेच केलं होतं. मी त्या बाईंना वडिलांची युक्ती सांगितली : एका वर्गाला फळ्यावर लेखन देऊन ते दुसऱ्या वर्गाचे पाढे घ्यायचे.

मे महिन्यात बोर्डाची निवडणूक आहे. आतेभावामुळे रिकामी झालेली पालकांची जागा भरायची आहे. अर्ज आतापर्यंत एकच आलाय, किराणा दुकानातल्या त्या आईचा.